वाचनालयावरचे सात पोपट

संत तुकाराम नगर, पिंपरी
२ डिसेंबर २०२४

गेनू, रामराम.

माझं अक्षर आहे असं कळलं तर तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता तुझ्या जयमालावैनीकडून लिहून घेतला आहे. आत मी आहे. फोडलंच आहेस तर आता ऐक. तुला डोळ्यांनी नीट दिसत नाही असं तुझा आदिनाथ मागे भेटला तेव्हा म्हणाला होता, म्हणजे हे तुझी सून वाचत असणार. तनुजा, पोरी, मी ज्ञानदेव. तुझ्या सासऱ्यांचा सव्वीस वर्षांचा भागीदार आणि त्यानंतरचा वीस वर्षांचा शत्रू. सावकाश वाच, आणि ते मधेच उठायला लागले तर बाहीला धरून खाली बसव.

फोन केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. मारुंजी इथून पंधरा किलोमीटर आणि पत्राला चार दिवस लागणार. लागू देत. आपल्या अबोल्याच्या मानानं पोस्ट बरीच वेगवान आहे.

काम असं आहे. चाकणच्या बाजारपेठेतलं वाचनालय तुला आठवतं का, असं विचारणं मूर्खपणाचं होईल. तुझ्या आज्यानं १९२९ साली बांधलेली इमारत. तिच्या दर्शनी भिंतीला पोट आलंय. वरच्या पट्टीत, जिथं आज्यानं चुन्यात आंब्याची डहाळी आणि सात पोपट घडवले, नेमकं तिथंच ती चार बोटं बाहेर आली आहे. इंजिनिअर येऊन गेले आणि भिंतीवर लाल फुली मारून गेले. पंधरा जानेवारीला पुन्हा येणार. तोवर आतली भिंत धड आहे हे दाखवता आलं नाही, तर दर्शनी भाग उतरवायचा असा कागद निघालाय. तो उतरला की मागचं कोण ठेवतंय? अध्यक्ष नानासाहेबांच्या टेबलावर चार मजली गाळ्यांचा नकाशा आत्ताच येऊन पडला आहे.

स्वरूपा नावाची एक आर्किटेक्ट आहे. स्वतः वाकडला एकविसाव्या मजल्यावर राहते आणि शंभर वर्षांपूर्वीच्या इमारती मोजत फिरते. ती इमारत वाचवायच्या मागे लागली आहे. मला म्हणाली, "काका, चुन्यातला माणूस हवा. वरचं सिमेंट हलक्या हातानं काढणारा." मी म्हणालो, विचारून बघतो. म्हणून विचारतो. चुन्यात हिरडा किती घालायचा आणि गूळ किती, एवढं कळव.

भिंतीवर सिमेंट कुणी चढवलं वगैरे विषय फार जुना आहे. त्यात आपण जायला नको.

ज्ञानदेव


११ डिसेंबर २०२४

गेनूशेठ,

तुझं उत्तर मिळालं. तनुजानं फोनवर एक अक्षर न बदलता सांगितलं: "बाबा म्हणले, चुन्याचं चुन्यावाल्यानं इचारावं. सिमेंटवाल्याला काय करायचंय?" ऐकून मला इतका आनंद झाला की मी ते जयमालाला दोनदा म्हणून दाखवलं. वीस वर्षांनी तू माझ्याबद्दल एक पूर्ण वाक्य बोललास. जयमाला म्हणाली, "टोमणा खाऊन नाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

बरं, सिमेंट मी चढवलं. अख्ख्या चाकणला माहीत आहे, दाराशेजारी संगमरवरी पाटी आहे: 'अमृतमहोत्सवी नूतनीकरण, २००४' आणि खाली माझं नाव. पण राव, ती वेळ कशी होती ते आठव. पंचाहत्तर वर्षांचा सोहळा ठरलेला, मोठे पाहुणे येणार, पत्रिका छापून वाटलेल्या. तू म्हणत होतास, कळीचा चुना एकवीस दिवस मुरवल्याशिवाय भिंतीला लावणार नाही. कमिटी रोज माझ्या उरावर बसलेली. तुझ्या नाही, माझ्या. थापी तुझ्या हातात असायची, पण लोकांची तोंडं कायम मीच सांभाळली.

ते असो. परवा रविवारी स्वरूपाबरोबर इमारत पायापासून कौलांपर्यंत पाहिली. खालच्या काळ्या दगडातल्या टोकदार कमानी, ज्यांना आपण चर्चच्या कमानी म्हणायचो, त्या म्हणे गॉथिक. त्यावरचा सागवानी खांबांचा सज्जा आपल्याकडचा, पेशवाईपासून चालत आलेला. वर मंगलोरी कौलं. आणि तुझ्या बापानं १९३८ साली बाजूला जोडलेली वाचनाची खोली, जिचा सज्जा गोल आहे आणि खिडकीच्या गजांत उगवता सूर्य आहे, ती आर्ट डेको. मी म्हणालो, आम्ही त्याला बोटीचा सज्जा म्हणतो. तिनं लगेच वहीत उतरवून घेतलं. या सगळ्याला मिळून मिश्र शैली म्हणतात. घरी येऊन सांगितलं तर जयमाला म्हणाली, "म्हणजे मिसळ."

मग स्वरूपा त्या सज्जात टेप लावून बसली आणि कोड्यात पडली. बाहेरून सुरेख गोल आणि आतून चौकोनी. असं जगात कुठं करत नाहीत म्हणाली. मी सांगितलं, बाई, यांचे वडील मुंबईला एका लग्नाला गेले होते. तिथं रस्त्यावर उभं राहून त्यांनी असे सज्जे पाहिले. आत कोण घेणार? मग परत येऊन जेवढं रस्त्यावरून दिसलं होतं तेवढं गोल केलं, आणि न दिसलेलं आपल्या घरासारखं चौकोनी. ती इतकी हसली, आणि मग त्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. तुझा बाप त्या पोरीच्या हाताखाली होता तेव्हा. मला तुझी फार आठवण आली.

एक गोष्ट मात्र मनात ठेवू नकोस. तुझ्या आईच्या दहाव्याला मी आलो नाही, कारण वाळूचा ट्रक मोशीजवळ बिघडला होता. हे मी तेव्हाही निरोपात सांगितलं होतं.

तुझा ज्ञानदेव


१९ डिसेंबर २०२४

गेनू,

तनुजाचा निरोप आला. "काका, ट्रकच्या ओळीवर बाबांनी वाचन थांबवलं आणि अंगणात जाऊन बसले." एवढाच.

ट्रक बिघडला नव्हता. ट्रक नव्हताच.

मी चौथ्यांदा हे पत्र लिहायला बसलोय. आधीचे तीन कागद जयमालानं वाचले आणि म्हणाली, यात तुम्ही अजून वकिली करताय. म्हणून आता सरळ सांगतो.

बीडहून मी या गावात आलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. कंपनीनं तीन महिन्यांत काढून टाकलं. तू मला हाताखाली घेतलंस, संध्याकाळी कामावरून घरी घेऊन गेलास, आणि तुझ्या आईनं, ठकुबाईनं, मी कुठला, कोणाचा काही विचारलं नाही. "हात धुवून बस," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं मला किती वर्षं जेवू घातलं ते तुला माहीत आहे. तुझ्या ताटात कमी आणि माझ्यात जास्त, यावरून तू भांडायचास.

ती गेली तेव्हा वाचनालयाभोवती बांबूंची परांची बांधून झाली होती. तुला सुतक. तेरा दिवस तू थापीला हात लावणार नव्हतास. घाटावरून परतताना तू मला म्हणालास, "मी येस्तोवर भिताडाला हात लावू नगंस." मी हो म्हणालो. तोंडानं हो म्हणालो, गेनू, आणि तिसऱ्या दिवशी सिमेंटची पोती उतरवून घेतली. पाहुणे अकराव्या दिवशी येणार होते. दहाव्याच्या सकाळी तू नदीवर पिंड मांडून बसला होतास आणि मी परांचीवर शेवटचा हात मारत होतो. यायला वेळ नव्हता असं नाही. अर्ध्या तासाचा रस्ता. पण तुझ्यासमोर आलो असतो तर तुला कळलं असतं, आणि तू मला थांबवलं असतंस.

पुढचं मला आदिनाथनं दोन वर्षांनी सांगितलं. कावळा शिवेना. ऊन चढलं, लोक ताटकळले. एकेक जण पुढे होऊन तिला शब्द देत होता, नातवाचं लग्न करू, म्हैस विकणार नाही. कावळा फांदीवर बसून राहिला. शेवटी तू हात जोडून म्हणालास, "आई, ज्ञानदेव येतोय गं." तेव्हा तो खाली आला.

आणि मी आलोच नाही. तुला तुझ्या आईपुढे मी खोटं पाडलं. तू दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत येऊन ती राखाडी भिंत पाहिलीस, तुझी हत्यारं पोत्यात भरलीस आणि गेलास. लोकांना वाटतं आपण चुना आणि सिमेंटवरून भांडलो. मीही लोकांना तेच सांगत आलो, कारण त्यात माझी लाज कमी जाते. मी चुकलो, गेनू. माफ कर असं म्हणायचं मला वीस वर्षं जमलं नाही, आज म्हणतो. माफ कर.

आता जे कुणालाच माहीत नाही ते सांगतो. जयमालालाही काल सांगितलं. सिमेंट धरावं म्हणून जुन्या गिलाव्याला छिन्नीनं खाचा पाडाव्या लागतात. पोरांनी खालच्या साध्या भिंतीला पाडल्या. ती पोपटांपाशी आली तेव्हा मी त्यांना खाली उतरवलं. तुझ्या आज्याच्या पाखरांवर छिन्नी चालवायची माझी हिंमत झाली नाही. गणपतीच्या कारखान्यातून दोन गोण्या शाडू माती आणली, माझ्या हातानं सातही पोपटांवर, डहाळीवर, पानापानावर लिंपली, आणि मग वरून सिमेंट मारलं. मनात होतं, सोहळा पार पडला की गेनूला सांगू, दोघं मिळून काढू. तू गेलास. मग सांगायला माणूस उरला नाही, आणि मीही अकडलो.

मातीवर सिमेंट किती दिवस धरणार? गवंड्याचं लहान पोरही सांगेल. इंजिनिअरांना जे पोट दिसतंय ते भिंतीचं नाही, माझ्या सिमेंटचं आहे. आतली भिंत खणखणीत आहे. पण हे उघडायचं तर माती कुठं संपते आणि खाचा कुठं सुरू होतात ते हाताला कळलं पाहिजे. आंधळेपणानं ठोकलं तर पाखरं सिमेंटबरोबर खाली येतील. असा हात एकच आहे.

ज्ञानदेव


२९ डिसेंबर २०२४

गेनू,

तुझ्याकडून काहीच नाही. ठीक आहे. मी तुझी वीस वर्षं घेतली, तू माझे दहा दिवस घे.

काल वाचनालयाच्या कमिटीत सगळं सांगून टाकलं. शंभर वेळा त्या खुर्चीवर बसलोय, पण काल उभं राहून बोललो. नानासाहेब चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे सिमेंटच्या आत चिखल आहे? तुम्ही स्वतः लावलेला?" मी म्हणालो, होय. कोणीतरी मागून हसलं. चाळीस वर्षं या पट्ट्यात मी कामं केली, माझं नाव घेऊन लोक घरं बांधायला काढायचे. आता ते नाव चहाच्या टपरीवर कसं घेतलं जाईल ते मला ऐकू येतंय. पण खरं सांगू, बाहेर आलो तेव्हा भूक लागली होती. कित्येक दिवसांनी लागली.

स्वरूपा लगेच शिडी लावून चढली आणि लाकडी हातोडीनं भिंत वाजवत गेली. साध्या जागी भरीव आवाज, पोपटांपाशी पोकळ. खाली येऊन तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, काका म्हणतात ते पटण्यासारखं आहे, पण उघडून दाखवल्याशिवाय पंधरा तारखेला उपयोग नाही. नानासाहेबांनी कपाळाला हात लावला, नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाले, "पंधरापर्यंत उघडा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

मी वाचनालयाच्या मागच्या अंगणात चुना भिजत घातला आहे. हिरडा अंदाजानं टाकला आहे, वासावरून चुकलाय असं वाटतं. परांची मी स्वतः बांधून घेतली आहे, रुंद फळ्यांची, दोन्ही बाजूंना कठडा, म्हणजे तुझ्यासारख्या म्हाताऱ्याला धरून उभं राहता येईल. मी मारुंजीला येऊन तुझ्या दारात उभा राहिलो असतो. रिक्षात दोनदा बसलोही. पण तू दार लावून घेतलंस तर मी तिथून परत कसा येईन, हे मला कळत नाही.

इमारतीसाठी ये, असं मी आधी लिहिणार होतो. ते खोटं ठरलं असतं. इमारत पडली तर मला वाईट वाटेल. पण आपण दोघं असेच मेलो तर ते मला सोसणार नाही.

ज्ञानदेव


२० जानेवारी २०२५

चि. तनुजास,

सासऱ्यांना न्यायला गाडी कधी पाठवू, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं, पण पत्र लिहायची सवय लागली आहे आणि ज्याला लिहायचो तो आता पलीकडच्या खोलीत घोरतोय. म्हणून तुला.

सहा तारखेला आदिनाथनं कंपनीत शिफ्टला जाताना त्यांना वाचनालयापाशी सोडलं. मी धावत गेलो. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. हत्यारांचं पोतं खाली ठेवलं, स्वरूपाला म्हणाले, "पोरी, मला वर न्हे." दोन दिवस माझ्याशी चकार शब्द नाही. राहायला आमच्याकडेच, पण बोलणं सगळं जयमालाशी. मी समोर बसलेलो असताना, "वैनी, त्याला सांगा, हिरडं दुप्पट पडल्यात. आमटी करायचीय का गिलावा?" जयमाला माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायची. ती सांगताना हसू दाबायची, आणि मला ते अपमानासारखं वाटतच नव्हतं.

डोळे नाहीत म्हणून मला भीती होती. पण त्यांनी डाव्या हाताची बोटं भिंतीवर ठेवली, उजव्या हातानं छिन्नीला नुसत्या टिचक्या दिल्या, आणि सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढा अलगद सुटून आला. मागून शाडू माती भुरभुरली. ती त्यांनी मऊ ब्रशनं झटकली आणि आतून पांढरीशुभ्र चोच निघाली. खाली रस्त्यावर भाजीवाले, रिक्षावाले, वाचनालयातली पोरं सगळी माना वर करून उभी. नानासाहेबांनी टाळी वाजवली. तुझ्या सासऱ्यांनी त्या पोपटाच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माती चांगली लिंपली हुतीस." बस. वीस वर्षांनी मला उद्देशून आलेले हे पहिले शब्द. मी फळीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

चौदाच्या दुपारपर्यंत सहा पोपट निघाले. सातव्याच्या जागी बोटं फिरवून त्यांनी विचारलं, "ह्यो कुटं हाय?" मी हातातला ब्रश खाली ठेवला. "तुज्या पत्रात सात व्हते," ते म्हणाले. पोरी, त्या पत्रातही माझ्याकडून एक लपलंच. मी पोरांना खाली उतरवेपर्यंत एका पोरानं सातव्यावर छिन्नी मारली होती. अर्धा पोपट तेव्हाच पडला होता, उरलेला सिमेंटबरोबर गेला. मला वाटलं, आता हे पुन्हा पोतं भरणार. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "अजून काय ऱ्हायलंय सांगायचं?" मी म्हणालो, काही नाही. "आईची आण?" म्हणाले. मी म्हणालो, आईची आण. कुणाच्या आईची ते दोघांनाही ठाऊक होतं.

पंधराला इंजिनिअर आले, भिंतीला ओळंबा लावला, ठोकून पाहिलं. भिंत दोरीत होती, सूतभरही झुकली नव्हती. लाल फुली त्यांनी स्वतः पुसायला सांगितली. गाळ्यांचा नकाशा नानासाहेबांनी परत पाठवला.

मग सातव्या पोपटाचं काम उरलं. मी म्हणालो, गेनू, तू घडव. ते म्हणाले, "उकरायला बोटं पुरत्यात, घडवायला डोळं लागत्यात. तू कर." मी आयुष्यात चुन्यात कधी काही घडवलं नव्हतं, मी परांच्या, रंग आणि लोकांची तोंडं बघणारा माणूस. तरी बसलो. ते शेजारी बसून सांगत होते, पोट आधी, मग मान, चोच सगळ्यात शेवटी, पाणी मार, घाई नगं. तीन दिवस लागले. स्वरूपा चहा घेऊन यायची, बघायची आणि काही न बोलता उतरायची, त्यावरूनच मला कळत होतं. काल संध्याकाळी मी म्हणालो, झाला. त्यांनी बोटं फिरवली. चोचीवरून, पंखावरून, पुन्हा चोचीवरून.

"ज्ञान्या, ही कोंबडी हाय," म्हणाले.

मला ज्ञान्या म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलेलं नाही. मी म्हणालो, ओला आहे तोवर खरवडून टाकतो, स्वरूपा बाहेरून कारागीर आणेल, आज्याच्या पोपटासारखा हुबेहूब करून देईल. मी खरवडायला थापी उचलली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, आणि सोडलं नाही.

"ऱ्हाऊ दे. बगणाऱ्याला कळूंदे, हितं दोघं व्हते."

चुन्याला एकवीस दिवस पाणी मारावं लागतं. तोवर गाडी पाठवू नकोस.

तुझा,
ज्ञानदेवकाका